नव्या जोडप्याचे चार दिवस

भाकरी थापायच्या राहिल्या असतील तर हात चालू ठेवा, फक्त रेडिओचा आवाज जरा वाढवा. शेजारी सासूबाई बसल्या असतील तर आणखी वाढवा, कारण आजचं बोलणं त्यांच्यासाठीही आहे.

आजच्या विषयाचं नाव घ्यायला आमच्या बैठकीत कुणी धजेना. एक जण म्हणाली, "ते हो, लग्नानंतरचं फिरायला जाणं." दुसरी पदर तोंडाला लावून हसली. पुस्तकात त्याला मधुचंद्र म्हणतात. गावात हनिमून म्हणतात आणि म्हणताना एकमेकीला कोपर मारतात. आम्हीही मारला. पण त्या दिवशी बैठकीत या एका शब्दावरून दीड तास वाद झाला, आणि वाद कर्जाचा होता, म्हणून तो तुमच्यापर्यंत आणायचं ठरवलं.

गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. आमचा गट भूम तालुक्यातला. आमच्या प्रभागसंघातल्या बारा जणी दोन वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग जिल्ह्यात अभ्यास सहलीला गेल्या होत्या. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, २०१७ पासून. होडी त्या स्वतः वल्हवतात आणि झाडांची माहितीही स्वतःच सांगतात. ते बघायला आम्ही गेलो होतो. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं, मुळं वर काढून श्वास घेणारी. आमच्यातल्या अर्ध्याजणींनी समुद्रच पहिल्यांदा बघितला. एकीने ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि थुंकली. "एवढं पाणी, आणि घोटभर पिता येत नाही," म्हणाली. टँकरमागे घागर घेऊन पळालेल्या बाईचं ते बोलणं होतं, त्यामुळे कुणी हसलं नाही.

मुक्काम तारकर्लीला होता, मालवणजवळ. तिथे हॉटेलपेक्षा घरंच जास्त. घराच्या मागे दोन-तीन खोल्या बांधायच्या, पाहुणे ठेवायचे, त्यांना घरचं जेवण द्यायचं. पर्यटन खात्याची निवास न्याहारी योजना आहे, तीत अशा घरांची नोंदणी होते. आमच्या घरमालकीण काकूंच्या तीन खोल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "खंयसून इलात?" आम्हाला कळायलाच वेळ लागला की त्या कुठून आलात असं विचारताहेत. धाराशिव म्हटल्यावर म्हणाल्या, तुळजाभवानीच्या गावच्या की! मग ओळख पटली.

तिसऱ्या खोलीत एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. मुलीच्या हातावरची मेंदी अजून उतरायची होती. ती दोघं सकाळी नऊ वाजता उठत, ओसरीवर बसून घावणे खात, मग सुरूच्या बनात जाऊन बसत. दुपारी झोपत. संध्याकाळी पुळणीवरून चालत लांब जात आणि दिवेलागणीला परत येत. बस्स, एवढंच. आमच्यातल्या एक मावशी, वय पन्नाशीच्या आतलं, त्यांच्याकडे दोन दिवस नुसत्या बघत होत्या. आम्ही चिडवलं तर म्हणाल्या, "ही दोघं काहीच करंनात की. नुसती बसलीत. आन त्यांना कुणी हाक मारंना."

त्या मावशींची हकीकत आम्हाला परतीच्या गाडीत कळली. लग्न झालं तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. सासऱ्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या गड्याचा अर्धा कोयता. पूर्ण कोयत्याची उचल जास्त. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्न उरकलं आणि आठव्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पश्चिमेकडच्या कारखान्यावर. अंगाची हळद तशीच. तळावर एकाच कोपीत दीर, जाऊ, त्यांची दोन लेकरं आणि ही दोघं. मधे साडीचा पडदा. पहाटे अंधारात फडात जायचं, गाडी भरून अंधारात यायचं. "नवऱ्याचं तोंड उजेडात नीट बघायला मला संक्रांत उजाडली," मावशी म्हणाल्या. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मोसंबी सोलत सोलत सांगितलं.

आपल्या भूम, वाशी, कळंब, परंड्याकडच्या किती बायकांची ही गोष्ट असेल ते तुम्हीच मोजा. अठराच्या आत मुलीचं लग्न करणं हा गुन्हा आहे, हे आपण याच रेडिओवरून अनेकदा सांगितलंय आणि सांगत राहू. आज त्या पुढचं बोलतोय. वय पूर्ण असलेल्या, राजीखुशीने लग्न झालेल्या पोरीलाही पहिल्या महिन्यात काय मिळतं?

आम्ही बैठकीत आपापलं आठवून बघितलं. सत्यनारायण. मग तुळजापूर, जीपमध्ये चौदा माणसं, नवरी मधे, नवरा ड्रायव्हरशेजारी. घरी गोंधळ. मग मांडव परतून माहेर, पुन्हा सासर, पाहुणे, पाया पडणं, ओटी भरणं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठणं, कारण बाथरूम अंगणात आणि उजाडल्यावर तिथे सासरे दात घासत उभे. देवदर्शन हवंच, त्याला आम्ही नाव ठेवत नाही. आईच्या पायरीवर डोकं टेकल्याशिवाय आपला संसार सुरू होत नाही. पण या सगळ्यात नवरा-बायकोने एकमेकांशी सलग तासभर कधी बोलायचं, ते कुणाच्या यादीत नसतं. आमच्या गटात तेरा जणी. लग्नानंतर दोघंच कुठे गेलो असं सांगणारी एकही नाही. आम्ही बीए शिकलो, गावोगाव फिरून बैठका घेतो, तरी आमचंही उत्तर तेच.

तर आता कर्जाचं. गेल्या वर्षी माघात त्या मावशींच्या मुलाचं लग्न झालं. मुलगा दुधाचा टेम्पो चालवतो, भूमच्या खवाभट्ट्यांना दूध घालतो. सून बावीस वर्षांची. लग्न साधंच झालं. त्यानंतरच्या बैठकीत मावशींनी अंतर्गत कर्जाची मागणी ठेवली, दहा हजार. अध्यक्षांनी कारण विचारलं. मावशी म्हणाल्या, "पोरगा आन सून, दोघांला तारकर्लीला धाडायचंय. तीन मुक्काम."

मग जे व्हायचं ते झालं. "गटाचा पैसा समुद्रात घालायचा काय?" एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, सून डोक्यावर बसेल. तिसरीचं म्हणणं, आज हिला दिलं तर उद्या सगळ्या मागतील. आमचं काम हिशोब आणि नियम बघायचं, मत द्यायचं नाही, म्हणून आम्ही गप्प राहिलो. पण कर्जाची नोंदवही आमच्याच हातात होती. कुणी तरी म्हणालं, वाचा बघू आपण कशाकशाला कर्ज दिलंय ते. वाचलं. शेळ्या, बियाणं, दवाखाना, फी, शिलाई मशीन. आणि लग्न. मंडप, जेवणावळ, मानपान, बँडबाजा. चार लग्नांना मिळून आपण किती पैसे दिले ते मोठ्याने वाचलं, तेव्हा खोलीत जरा शांतता झाली. गावाने जेवायचं म्हणून कर्ज द्यायला आम्ही कधी दोन मिनिटंही घेतली नव्हती. ज्यांचं लग्न त्यांच्यासाठी म्हणून मात्र दीड तास लागला.

एका ताईंचा विरोध मात्र वेगळा होता. त्यांचे मालक वारले, मुलगी आजारी असते. त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्या रात्री माझ्या पोरीला दवाखान्यात न्यायची वेळ आली आन पेटीत पैसे नसले तर? मला समुद्राचं काही वाकडं नाही. पण आधी कोण?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ठराव असा झाला की दवाखाना आणि पेरणीची मागणी शिल्लक नसेल तरच असं कर्ज, आणि पेटीत तातडीची म्हणून पाच हजारांची रक्कम ठेवूनच. बारा जणींच्या सह्या झाल्या. त्या ताईंनी सही केली नाही. इतिवृत्तात तसं लिहिलं.

कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर पुन्हा पाच मिनिटं गेली. लिहिणारी सचिव नुकतीच बारावी झालेली, तिला लाज वाटत होती. शेवटी तिने लिहिलं, 'मुलगा व सून, प्रवास.'

पोरं गेली. भूमहून बार्शी, बार्शीहून पंढरपूर, मिरज करत कोल्हापूर, तिथून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून मालवण. सगळं लाल परीने. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीत आहेच, पण आपण ते माहेर आणि बाजार सोडून कुठे वापरतच नाही. घाटात सुनेला गाडी लागली. नवऱ्याने पिशवी धरली, पाणी दिलं. "घरी असतं तर त्यांनी आईला हाक मारली असती," ती हसत म्हणाली.

पुढचं जे सांगतोय ते त्या दोघांची परवानगी घेऊन. नाव-गाव नको, एवढंच ती म्हणाली.

खोली त्याच काकूंकडे घेतली होती. पहिला पूर्ण दिवस दोघं झोपलीच. लग्नाच्या आधीपासून तिची झोप झाली नव्हती. दारावर थाप नाही, भांड्यांचा आवाज नाही, "उठली का गं" नाही. सकाळी उठून बाहेर आली तर ताटात गरम आंबोळ्या. मुलगा माळकरी, मासे खात नाही. काकूंनी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि सोलकढी केली. आयतं ताट समोर आल्यावर ती उठून स्वयंपाकघरात मदतीला गेली, तेव्हा काकूंनी तिला हाताला धरून बाहेर आणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी दोघांचं भांडण झालं. कशावरून? संध्याकाळी वाळूत बसल्यावर मुलाने सांगून टाकलं की टेम्पोचे साठ हजार अजून फेडायचे आहेत. बैठकीत, म्हणजे लग्नाच्या बैठकीत, 'टेम्पो स्वतःचा' असं सांगितलं होतं. खोटं नव्हतं, पण हप्त्यांचं कुणी बोललं नव्हतं. तिला राग आला. ती उठून एकटीच खोलीवर निघून आली. रात्रीचं जेवण दोघांनी वेगवेगळं केलं. काकूंच्या ते लक्षात आलं असणार, पण त्यांनी एक शब्द विचारला नाही. सकाळचा चहा दोन ठिकाणी नेऊन दिला, त्याला ओसरीवर आणि तिला विहिरीजवळ.

दुपारपर्यंत दोघं बोलली नाहीत. मग बोलली. तिनेही तिचं सांगितलं. बीएच्या दुसऱ्या वर्षाला तिची परीक्षा राहिली होती, लग्न ठरवताना 'शिकवू' म्हणाले होते आणि लग्नानंतर तो विषय कुणी काढला नव्हता. आणि लहानपणी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, त्याची खूण आहे, ती दिसली तर काय म्हणेल याची तिला पहिल्या रात्रीपासून धास्ती होती. त्याने ती खूण आधीच बघितली होती आणि विचारायला घाबरत होता.

आम्ही हे ऐकलं तेव्हा आमच्या मनात एकच आलं. हेच भांडण घरी झालं असतं तर त्यात सात माणसं पडली असती. सासऱ्यांनी आवाज चढवला असता, जाऊबाईंनी माहेरी फोन गेल्याचं सांगितलं असतं, तिचा भाऊ मोटारसायकलवर आला असता, आणि साठ हजारांचं सहा महिने पुरलं असतं. तिथे भांडायला दोघंच होती आणि समजूत घालायलाही दोघंच. लोकांना वाटतं नवीन जोडप्याला एकांत फक्त एका गोष्टीसाठी लागतो. त्यासाठी लागतोच, त्यात लाजायचं काय! पण बिनसाक्षीदारांचं भांडण करायलाही जागा लागते, आणि ती आपल्या तीन खोल्यांच्या घरात कुठेच नसते.

तिसऱ्या दिवशी दोघं मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायला गेली. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला, चारी बाजूंनी समुद्र. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी, आणि त्यांचं पाणी गोड. खाऱ्या पाण्याच्या मधोमध. परत आल्यावर सगळ्यांना ती त्या तीन विहिरींचंच सांगत होती, डोळे मोठे करून. संध्याकाळी देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम होडीतून बघितला. चौथ्या दिवशी सकाळी निघाली.

खर्चाचा कागद तिने आम्हाला दाखवला. खोली तीन रात्रींची ३,६००. येणं-जाणं २,२००. जेवण-चहा २,०००. होडीचे ७००. घरच्यांसाठी काजू, आमसुलं, खाजा असे ७००. एकूण ९,२००. उरलेले आठशे तिने सासूच्या हातात ठेवले. मावशी म्हणाल्या, "ठेव तुझ्याजवळ. माझ्याकडं ठेवलंस तर मिठात-पिठात जातील." गटाचं व्याज दोन रुपये शेकडा, उरलेल्या मुद्दलावर. महिना हजाराप्रमाणे दहा हप्त्यांत कर्ज फिटलं, व्याज झालं अकराशे. एकही हप्ता चुकला नाही. टेम्पोचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. फरक एवढाच की ते आता तिच्या वहीत लिहिलेले असतात, आणि दुधाचा हिशोबही तीच ठेवते. परीक्षेचा अर्ज तिने मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर भरला. सासरे अजून नाराज आहेत. असोत.

आता ज्यांच्या मनात यायला लागलंय त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. मे महिन्यात गर्दी आणि खोलीचे दर दुप्पट. मेच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत पावसामुळे होड्या आणि समुद्रातले खेळ बंद असतात. आपल्याकडची लग्नं बरीचशी एप्रिल-मेमध्ये होतात, तेव्हा लगेच जायचा हट्ट नको. लग्नानंतर सहा महिन्यांनी गेलं तरी ते दोघंच असणार आहेत.

मोबाईलवर स्वस्त खोलीची जाहिरात बघून कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नका. खोट्या नावाने पैसे उकळणारे खूप आहेत. पर्यटन खात्याकडे नोंद असलेल्या घराला फोन करा, नाहीतर आधी जाऊन आलेल्या माणसाकडून नंबर घ्या. फोनवर तीन गोष्टी विचारा: संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे का, दरात जेवण धरलंय का, दाराला आतून कडी नीट आहे का. तिसरा प्रश्न ऐकून समोरचा हसला तर हसू द्या. दोघांचं आधार कार्ड जवळ ठेवा. लग्नाची नोंदणी गावातच ग्रामपंचायतीत होते, ती करून ठेवाच, ती फिरायला जाण्यासाठी नाही, आयुष्यभरासाठी.

समुद्राचं ऐका. आपल्याला तळ्यात-विहिरीत पोहता येतं म्हणून समुद्रात येईल असं नाही. पाणी आत ओढतं. दरवर्षी आपल्यासारखी घाटावरची पोरं तिथे बुडतात, कारण स्थानिक कोळी नको म्हणत असताना ती आत जातात. भरती-ओहोटीची वेळ घरमालकांना विचारायची, गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही आणि होडीत जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसायचं नाही.

आणि हे जरा हळू आवाजात, पण नीट ऐका. लग्न, सत्यनारायण, तुळजापूर आणि आता हा प्रवास, या प्रत्येकासाठी पोरी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, कधी कधी सासूच आणून देते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि लागोपाठ तर नकोच. त्या गोळ्यांनी गर्भ राहायचं थांबतं असा समज आहे, तो चुकीचा आहे. लगेच मूल नको असेल तर आशाताईंकडे निरोध मिळतात, माला-एन गोळ्या मिळतात, सरकारी दवाखान्यात अंतरा इंजेक्शन मिळतं. ते जायच्या आधी विचारायचं. नवीन लग्न झालेल्या मुलींना लघवीला जळजळ होण्याचा त्रासही खूप होतो. भरपूर पाणी प्यायचं, लघवी तुंबवून ठेवायची नाही, संबंधानंतर लघवीला जाऊन यायचं, आणि तरी जळजळ राहिली किंवा ताप आला तर दवाखाना. लाजेपायी चार दिवस अंगावर काढू नका. आणि मुलांनाही सांगा, फिरायला नेलं म्हणजे तिची हो आहेच असं धरायचं नाही. ती दमली असेल तर दमली.

कुणी म्हणेल, दहा हजार कुठून आणायचे? खरं आहे. सगळ्यांना तारकर्ली नाही जमणार. नळदुर्गला पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की पाणीमहाल बघून एका दिवसात परत येता येतं. येडशीचं रामलिंग आहे. डबा बांधून दोघांनी जायचं, फक्त मागे दीर-नणंद पाठवायचे नाहीत. आणि तेही नको असेल तर सासूबाईंनी सुनेच्या पहिल्या महिन्यात एक रविवार सगळं घर घेऊन पाहुण्यांकडे जावं आणि संध्याकाळी उशिरा यावं. एका मावशींनी हे केलं. बिनखर्चाचं.

आमच्या डोक्यात आणखी एक चाललंय, ते जाता जाता सांगतो. राज्य सरकारचं २०२३ सालचं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आहे. बाईने पर्यटनाचा व्यवसाय काढला तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. तुळजापूरला वर्षभर भाविक येतात. त्यांना स्वच्छ खोली आणि गरम भाकरी-आमटी हवी असते. तिथल्या दोन गटांशी आमचं बोलणं सुरू आहे. काकूंचा फोन आला होता, त्यांना विचारलं, तीन खोल्यांना काय काय लागतं. त्या म्हणाल्या, पहिल्यांदा पाहुण्याला एकटं सोडायला शिका.

सही न केलेल्या त्या ताईंचं सांगायचं राहिलं. पावसाळ्यात त्यांच्या मुलीला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. पेटीतली तातडीची रक्कम तेव्हा होती, ती त्यांना दिली. मुलगी बरी आहे. पण त्यांचं मत बदललेलं नाही. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मावशींनी मुलगी-जावयासाठी अशीच मागणी ठेवली, तेव्हाही त्यांनी सही केली नाही, आणि आम्ही इतिवृत्तात पुन्हा तसं लिहिलं. मागणीचा निर्णय येत्या बैठकीत आहे.

तुमच्या गटात असा अर्ज आला असेल, किंवा आला तर काय कराल, ते केंद्रावर पत्राने कळवा. पुढच्या बुधवारी याच वेळेला शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलू.